वेलोड्रोम की बहुउद्देशीय क्रीडागृह? भिवंडीच्या संदर्भात एक संवाद

वेलोड्रोम म्हणजे सायकल शर्यतींसाठी बांधलेली बंद धावपट्टी. दोन सरळ बाजू, त्यांना जोडणारी दोन वळणे आणि वळणांवर बाहेरच्या कडेकडे उंच होत जाणारा तिरपा पृष्ठभाग ही तिची मुख्य लक्षणे होत. ती उघड्यावर सिमेंटची असू शकते किंवा छताखाली लाकडाची. छताखालच्या वेलोड्रोममध्ये धावपट्टीने वेढलेली मधली जमीन मोठी असते. तिथे बास्केटबॉल, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल किंवा कबड्डीची मैदाने आखली की तीच इमारत बहुउद्देशीय क्रीडागृह होते. नेदरलँड्समधील आपेलडोर्न शहराचे २००८ साली सुरू झालेले ऑम्निस्पोर्ट हे या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. तिथे २५० मीटरच्या लाकडी धावपट्टीच्या आत धावण्याचा २०० मीटरचा ट्रॅक आहे आणि शेजारी व्हॉलीबॉलचे स्वतंत्र सभागृह आहे. २०११ व २०१८ साली ट्रॅक सायकलिंगच्या जागतिक स्पर्धा तिथे झाल्या, तर २०२५ साली युरोपातील बंदिस्त मैदानी स्पर्धाही त्याच छताखाली झाल्या.

असे संकुल भिवंडीसारख्या शहरात उभारायचे झाले, तर आराखड्याच्या मध्यभागी काय असावे? सायकलची धावपट्टी की सर्व खेळांची मोकळी जमीन? या प्रश्नाच्या दोन बाजू पुढे एका सायकल प्रशिक्षकाच्या आणि एका नगर अभियंत्याच्या तोंडून मांडल्या आहेत. पात्रे कल्पित आहेत. स्थळे, वर्षे आणि उदाहरणे खरी आहेत.

वळणाचे गणित

ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांसाठी धावपट्टीची लांबी २५० मीटर असावी लागते. ही लांबी आतल्या कडेपासून २० सेंटीमीटर वर आखलेल्या काळ्या रेषेवर मोजतात. पट्टीची रुंदी साधारण ७ मीटर असते. सरळ बाजूंवर तिरपेपणा थोडा, तर वळणांवर तो ४२ ते ४५ अंशांपर्यंत जातो. ट्रॅकवरच्या सायकलला एकच गिअर असतो. चाक फिरते तोवर पायडल फिरत राहते आणि ब्रेक नसतात.

अभियंता : सर, ४५ अंश म्हणजे जवळजवळ भिंतच. इतकी तिरपी पट्टी कशासाठी? सपाट रस्त्यावरही शर्यती होतातच.

प्रशिक्षक : रस्त्यावरचा सायकलस्वार वळणाआधी वेग कमी करतो, साहेब. ट्रॅकवर वेग कमी करायचा नसतो. वळणाची त्रिज्या २५ मीटर आणि तिरपेपणा ४२ अंश धरला, तर ताशी सुमारे ५३ किलोमीटर वेगाला सायकलस्वाराचे वजन आणि वळणाचा जोर यांची बेरीज पट्टीवर अगदी काटकोनात पडते. चाक ना आत घसरते, ना बाहेर जाऊ पाहते. वेग थोडा कमीजास्त झाला तर फरक टायरची पकड सांभाळून घेते. फार हळू गेलात तर मात्र वळणावर घसरण्याचा धोका असतो. म्हणून नवशिक्याला आधी आतल्या कमी तिरप्या निळ्या पट्ट्यावर वेग पकडायला शिकवतात आणि मगच वर सोडतात.

अभियंता : म्हणजे ज्याला वेग पकडता येतो त्याच्यासाठीच ही पट्टी. आठ वर्षांचे मूल किंवा पन्नाशीची बाई तिथे पहिल्या दिवशी काय करणार?

प्रशिक्षक : पहिल्या दिवशी काही नाही, हे मान्य. पण पोहण्याच्या तलावातही पहिल्या दिवशी कोणी खोल पाण्यात उतरत नाही. आठवड्याभराच्या शिकवणीनंतर दहा-बारा वर्षांची मुले वळण घेऊ लागतात. ट्रॅकवर समोरून गाडी येत नाही, खड्डा नाही, सिग्नल नाही. सायकल शिकण्यासाठी इतकी सुरक्षित जागा दुसरी नसते.

लाकूड, सिमेंट आणि हवा

बंदिस्त वेलोड्रोमची पट्टी बहुधा उत्तरेकडच्या थंड प्रदेशातील पाइनच्या अरुंद फळ्यांची असते. थंडीत सावकाश वाढलेल्या झाडाचे लाकूड दाट व सरळ धाग्याचे असते आणि त्यावर चाकाचा अडथळा कमी होतो. उघड्यावरच्या पट्ट्या सिमेंट काँक्रीटच्या किंवा डांबरी असतात. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा येथे सुरू झालेल्या केरिन शर्यती मुख्यतः अशाच उघड्या पट्ट्यांवर होतात. भारतात लुधियाना, हैदराबाद, तिरुवनंतपुरम आणि पुण्याजवळचे बालेवाडी इथल्या पट्ट्याही उघड्यावरच्या आहेत. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेली २५० मीटरची लाकडी पट्टी मात्र छताखाली आहे.

अभियंता : भिवंडीचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. चार महिने हवेत ओल असते. कामवारी नदीला पूर आला की तीनबत्तीच्या बाजारात पाणी शिरते. लाकूड ओल पितं, फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. फळ्यांच्या फटी उघडल्या की पट्टी धोक्याची होते.

प्रशिक्षक : म्हणूनच छत आणि हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था लागते. जागाही नदीकाठची सखल नको, उंचावरची हवी. उष्णतेचा मात्र सायकलला त्रास नाही, उलट फायदाच आहे. गरम हवा विरळ असते, तिचा अडथळा कमी होतो. म्हणून विक्रमाच्या प्रयत्नांच्या वेळी वेलोड्रोममधील हवा मुद्दाम उबदार ठेवतात.

अभियंता : त्याच उबदार हवेत शेजारच्या मैदानावर कबड्डीची चढाई करणाऱ्या मुलाचे काय? आणि त्याला गार हवा द्यायला पंखे किंवा वातानुकूलन जोरात चालवले, तर बॅडमिंटनचे फूल भरकटते. एका छताखालच्या तीन खेळांना तीन प्रकारची हवा लागते, हे आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे लागेल.

मधली जमीन

२५० मीटरच्या पट्टीच्या आत, सुरक्षेची मोकळी पट्टी वगळता, साधारण ८५ मीटर लांब आणि ४० मीटर रुंद जागा उरते. तिची दोन्ही टोके गोलाकार असतात. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते, व्हॉलीबॉलचे १८ बाय ९, बास्केटबॉलचे २८ बाय १५ आणि हँडबॉलचे ४० बाय २०. खेळाडूंच्या मोकळ्या हालचालीची जागा धरूनही अशी अनेक मैदाने मधल्या जमिनीत बसतात. इंग्लंडमधील मँचेस्टरचे १९९४ साली उघडलेले वेलोड्रोम सुरुवातीपासून याच पद्धतीने वापरले जाते.

प्रशिक्षक : म्हणूनच धावपट्टी आणि क्रीडागृह यांत निवड करायची गरज नाही, असे मला वाटते. पट्टी कडेला, खेळ मध्ये. एकाच छताचा दुप्पट वापर.

अभियंता : कागदावर दुप्पट दिसतो. पण पट्टी मधल्या जमिनीला कड्यासारखी वेढते. खेळाडूंना आत जायला पट्टीखालून भुयारी वाट काढावी लागते. त्या वाटेवर जिने असले तर चाकाच्या खुर्चीवरचा खेळाडू बाहेरच राहतो. मॅट, खांब, सगळे सामान त्याच वाटेने न्यावे लागते. प्रेक्षक बसतात पट्टीच्या बाहेर, म्हणजे कबड्डीच्या मैदानापासून बऱ्याच लांब. त्यातही वळणामागच्या खुर्चीवरून पट्टीची उंच कड आडवी येते. कबड्डी पाहायला आलेल्या माणसाला चढाई करणाऱ्याचा पाय रेषेला लागला की नाही ते दिसायला हवे. वरळीच्या एनएससीआयच्या सरदार वल्लभभाई पटेल क्रीडागृहात प्रो कबड्डीचे सामने रंगले ते प्रेक्षक मैदानाला बिलगून बसतात म्हणून.

प्रशिक्षक : याला उत्तर सापडले आहे. इंग्लंडमधील डर्बी शहराच्या क्रीडागृहात धावपट्टी मधल्या जमिनीच्या वर, मजलाभर उंचीवर घेतली आहे. त्यामुळे रस्त्यावरून सरळ सपाट वाटेने मधल्या मैदानावर येता येते. भुयाराची अडचण राहत नाही. २०२१ साली त्याच जमिनीवर लसीकरण केंद्र चालले, इतकी ती सोयीची आहे.

अभियंता : हे उदाहरण मला पटते. पण त्यात खरा धडा जमिनीचा आहे. लोकांना रस्त्यावरून सरळ आत येता आले म्हणून ती जागा संकटात कामी आली. २०२० च्या कोविड साथीत वरळीचे क्रीडागृहही रुग्णांसाठी वापरता आले ते याच कारणाने.

बालेवाडी आणि दिल्लीचा अनुभव

महाराष्ट्रातील सर्वांत मोठे क्रीडा संकुल म्हणजे बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ते उभारले गेले. त्याचे वास्तुरचनाकार शशी प्रभू. मैदानी खेळांचे स्टेडियम, पोहण्याचे तलाव, बॅडमिंटन, कुस्ती व मुष्टियुद्ध यांची सभागृहे, नेमबाजीची जागा आणि सायकलिंगचे वेलोड्रोम अशी त्याची रचना आहे. २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथेच झाल्या.

अभियंता : त्या २००८ च्या स्पर्धेत नऊ क्रीडाप्रकार होते. सायकलिंग त्यांत नव्हते. म्हणजे सर्वांत मोठा आंतरराष्ट्रीय सोहळा संकुलात आला तेव्हा सभागृहे, तलाव आणि मैदान कामाला आले, सायकलची पट्टी बाजूलाच राहिली. एका खेळापुरती बांधलेली रचना त्या खेळाच्या स्पर्धेची वाट पाहत बसते. सभागृहाच्या जमिनीवर सकाळी बॅडमिंटन, दुपारी शाळेची कवायत, संध्याकाळी कुस्तीची मॅट असते.

प्रशिक्षक : पण स्पर्धा जाते तिथे, जिथे पट्टी आहे. २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धा गुजरातमध्ये होत्या. ट्रॅक सायकलिंग मात्र दिल्लीला न्यावे लागले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांतले ट्रॅक सायकलिंग लंडनच्या वेलोड्रोममध्ये झाले, कारण बर्मिंगहॅममध्ये तशी पट्टी नव्हती. महाराष्ट्राची मयूरी लुटे त्या लंडनच्या पट्टीवर भारतासाठी उतरली. आपल्या राज्यातून इतक्या पुढे जाणाऱ्या मुलीला छताखालच्या लाकडी पट्टीच्या सरावासाठी दिल्ली गाठावी लागते.

अभियंता : बर्मिंगहॅमच्या उदाहरणाचा दुसरा अर्थही निघतो, सर. इतक्या श्रीमंत शहरानेही अकरा दिवसांच्या स्पर्धेसाठी नवी पट्टी बांधली नाही. लंडनची तयार पट्टी वापरली आणि पैसा इतर ठिकाणी लावला.

प्रशिक्षक : लंडनची पट्टी आधी होती, म्हणून ते शक्य झाले. कोणी तरी आधी बांधावी लागते. मँचेस्टरचे वेलोड्रोम १९९४ साली उघडले. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला सायकलिंगचे एकही सुवर्णपदक नव्हते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या दहापैकी सात सुवर्णपदके त्यांनी जिंकली. चौदा वर्षे वर्षभर, पावसापाण्यात, एका ठिकाणी सराव करता आला, त्याचे हे फळ. दिल्लीची पट्टी झाल्यावर आपल्याकडेही तसेच दिसले. तिथे तयार झालेल्या रोनाल्डो सिंगने २०२२ साली दिल्लीतच झालेल्या आशियाई ट्रॅक स्पर्धेत स्प्रिंट प्रकारात रौप्यपदक मिळवले.

अभियंता : पट्टीबरोबर तिथे निवासी अकादमी होती, प्रशिक्षक होते, सायकली होत्या, वर्षानुवर्षांचा निधी होता. नुसती पट्टी बांधून ते झाले नसते, हे तुम्हीही मान्य कराल.

प्रशिक्षक : पूर्णपणे. माणसे आणि निधी नसेल तर पट्टी बांधूच नये.

भिवंडीची गरज

२०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. शहर यंत्रमागांचे, भोवतालची गावे गोदामांची. मानकोली, काल्हेर, काशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ या पट्ट्यात देशातील मोठमोठ्या व्यापारी कंपन्यांचे गाळे आहेत. मुंबई-नाशिक महामार्गावर आणि अंजूरफाट्याकडे कंटेनर व ट्रेलरची रांग रात्रंदिवस चालू असते. शहरात नमाजाच्या वेळेपासून मागांच्या पाळीपर्यंत दिवसाची स्वतःची घडी आहे. भोवतालच्या आगरी गावांत कबड्डी हा घरचा खेळ आहे.

प्रशिक्षक : साहेब, या रस्त्यावर मी कोणत्या तोंडाने मुलाला सायकलचा सराव करायला सांगू? पहाटे चारलाही मानकोली नाक्यावर ट्रेलर असतात. सायकल हे इथल्या कामगाराचे जुने वाहन. पाळीला जाताना, सूत पोहोचवताना हजारो माणसांनी सायकल चालवली. त्यांच्या मुलांना तोच खेळ म्हणून सुरक्षितपणे खेळता यावा, ही मागणी ऐषआरामाची नाही.

अभियंता : मागणी योग्य आहे. माझ्यापुढे दुसरी संख्या आहे. यंत्रमाग कारखान्यात बारा तासांची पाळी असते. त्या कामगाराला आणि त्याच्या मुलांना खेळायला मिळतो तो वेळ एक-दीड तासाचा, आणि जागा रस्त्याची. जून ते सप्टेंबर मैदाने चिखलात असतात, म्हणजे वर्षातला तिसरा हिस्सा खेळ बंद. मुलींसाठी बंदिस्त, उजेड असलेली, स्वच्छतागृह असलेली जागा मिळाली तर त्या येतील, नाहीतर घरीच बसतील. एका सभागृहात कबड्डीच्या चार मॅट टाकल्या तर एका तासात शंभरावर मुले खेळतात. वेलोड्रोमच्या पट्टीवर सुरक्षितपणे त्याच वेळेत वीस-तीस सायकलस्वार. सार्वजनिक पैशाचा हिशेब मला ताशी किती माणसे खेळली, यावर मांडावा लागतो.

प्रशिक्षक : तो हिशेब बरोबर आहे, पण अपुरा आहे. ताशी माणसे मोजली तर वाचनालयाआधी चहाची टपरी बांधावी लागेल. एखाद्या मुलाला देशपातळीपर्यंत नेणारी वाट गावात असणे, याचीही सार्वजनिक किंमत असते. भिवंडीच्या एका मुलीने पदक जिंकले तर शेकडो मुली घराबाहेर पडतील.

अभियंता : हे मी खोडून काढत नाही. म्हणूनच प्रश्न क्रमाचा आहे. आधी शेकडो मुलींना बाहेर पडायला जागा द्यायची, की आधी पदकाची वाट बांधायची?

छत हाच निर्णय

इथवरच्या संवादात दोन्ही बाजूंच्या मागण्या स्पष्ट होतात. पुढचा भाग बांधकामाचा आहे आणि त्यातच तोडगा आहे.

अभियंता : भिवंडीला एक कला चांगली अवगत आहे. मोठे छत थोड्या दिवसांत उभे करणे. पोलादी सांगाडा कारखान्यात घडवायचा, ट्रेलरवर आणायचा, बोल्टने जोडायचा, वर पत्रा. गोदामात मात्र आत खांबांच्या रांगा चालतात. त्यांच्यामधून मालाचे रॅक बसवता येतात. क्रीडागृहात मधला एकही खांब चालत नाही. आणि एकदा खांब उभा राहिला की तो नंतर काढता येत नाही.

प्रशिक्षक : २५० मीटरच्या पट्टीला प्रेक्षकांसह सुमारे ८० मीटर रुंद बिनखांबी छत लागेल.

अभियंता : ते महाग पडेल. पण पट्टी लहान असली तर? बेल्जियममधील गेंट शहराच्या सभागृहात १६६ मीटरची पट्टी आहे आणि तिच्यावर आजही सहा दिवसांच्या शर्यती होतात. कॅनडातल्या लंडन शहरात आइस हॉकीच्या जुन्या बंदिस्त मैदानात २००५ साली १३८ मीटरची पट्टी बसवली.

प्रशिक्षक : लहान पट्टीचे वळण आवळ असते, म्हणून तिरपेपणा वाढतो, त्या १३८ मीटरच्या पट्टीवर तो ५० अंश आहे. नवशिक्यासाठी ते कठीण. पण १६६ मीटरची पट्टी सरावाला उत्तम. तिच्यावर तयार झालेला खेळाडू २५० मीटरवर सहज जुळवून घेतो. शिवाय अशा पट्ट्या तुकड्यांत बनवून बोल्टने जोडता येतात, काढून ठेवता येतात. सहा दिवसांच्या शर्यती युरोपातल्या अनेक सभागृहांत अशाच नेलेल्या पट्ट्यांवर झाल्या.

अभियंता : माझ्या अंदाजाने तिला ९० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद बिनखांबी सभागृह पुरेल. हेच सभागृह पट्टीशिवाय पहिल्या दिवसापासून कबड्डी, कुस्ती, व्हॉलीबॉल, बॅडमिंटनला लागेल. वरच्या स्पर्धांसाठी व्हॉलीबॉलला साडेबारा मीटर आणि बॅडमिंटनला १२ मीटर मोकळी उंची हवी, ती सुरुवातीलाच ठेवू. जमीन रस्त्याच्या पातळीला, पण पुराच्या रेषेच्या वर. छताच्या पत्र्याखाली आवाज शोषणारा थर, नाहीतर पावसात पंचाची शिट्टी ऐकू येणार नाही. आणि कडेच्या जमिनीखाली पट्टीचे आधार बसवायला लागणारे लोखंडी खाचे आत्ताच घालून ठेवू. त्यांचा खर्च आज थोडा, नंतर जमीन फोडून घालायचा झाल्यास मोठा.

प्रशिक्षक : आणि सायकलसाठी पहिल्या वर्षी रोलर आणा. रोलरवर सायकल जागच्या जागी चालते; मुलांचा तोल, पायाची लय आणि दम तिथे कळतो. त्यांतून निवडलेली दहा-पंधरा मुले सुटीत बालेवाडीच्या पट्टीवर न्यायची, त्यांतली दोन-तीन पुढे दिल्लीला. पाच वर्षांत सरावाला येणाऱ्या मुलांची संख्या पुरेशी झाली, प्रशिक्षक नेमले गेले, देखभालीचा निधी ठरला, तर पट्टी बसवायची. नाही झाले, तर सभागृहाचे काही बिघडत नाही.

अभियंता : या अटीवर माझा विरोध संपतो. कारण पट्टी नंतर घालता येते. छत नंतर रुंद करता येत नाही.

निष्कर्ष

बंदिस्त वेलोड्रोम आणि बहुउद्देशीय क्रीडागृह या एकाच इमारतीच्या दोन अवस्था असू शकतात. शहराने आधी बदलता न येणाऱ्या गोष्टी ठरवाव्यात: जागेची उंची, बिनखांबी छताची रुंदी, मोकळी उंची, रस्त्यावरून सरळ येण्याची वाट, पाण्याचा निचरा. यांत हात आखडता घेऊ नये. त्यानंतर जमिनीच्या वापराचे वेळापत्रक ठरवावे: शाळांची वेळ, मुलींची राखीव वेळ, पाळी सुटल्यावर येणाऱ्या कामगारांची रात्रीची वेळ. प्रशिक्षक, स्वच्छता व दुरुस्ती यांचा दरवर्षीचा खर्च बांधकामाच्या मंजुरीबरोबरच मंजूर व्हावा. धावपट्टीसारखी एका खेळाची रचना त्या खेळाची मुले तयार झाल्यावर बसवावी. या क्रमाने गेल्यास भिवंडीला पहिल्या पावसाळ्यापासून चालणारे क्रीडागृह मिळेल आणि वेलोड्रोमचा मार्गही खुला राहील.